ही फाइल कुणी बनवली? क्यूव्हीडीच्या माथ्यावरचं नाव कसं वाचायचं

दुपारी साडेतीनला तुर्भ्याच्या गोदामातून फोन आला. "मॅडम, सकाळी तुमच्या रिपोर्टवर माझ्याकडून निघायचा माल दिसत होता. आता माझं गोदामच दिसत नाही. दोन गाड्या दारात उभ्या आहेत. भरू की परत पाठवू?"

काका त्या गोदामाचे सुपरवायझर, माझ्या वडिलांच्या वयाचे. आवाज चढलेला नव्हता, पण घाई होती. गाडी उभी राहिली की हॉल्टिंग सुरू होतं आणि त्याचा हिशेब शेवटी त्यांनाच द्यावा लागतो. मी महापेच्या ऑफिसात बसून तोच रिपोर्ट उघडला. खरंच, तुर्भे गायब, भिवंडी गायब. उरलं होतं फक्त तळोजा.

मूळ डेटाबेसमध्ये सगळी गोदामं जागच्या जागी होती. रिपोर्टला कुणी हात लावला नव्हता. मग चूक कुठे? डेटाबेस आणि रिपोर्ट यांच्या मधे एक फाइल होती. ती कुणी बनवली, कधी बनवली आणि कशावरून बनवली, हे शोधायला आम्हाला त्या वेळी अडीच दिवस लागले. आज तेच काम पाच मिनिटांत होतं, कारण उत्तर त्या फाइलच्या माथ्यावरच साध्या अक्षरांत लिहिलेलं असतं. ते तिथे असतं हेच आम्हाला माहीत नव्हतं. रोज या फाइलींवर काम करणाऱ्या अनेकांना आजही माहीत नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी ती मधली फाइल समजून घेऊ. क्लिक ही कंपनी 1993 साली स्वीडनमधल्या लुंड शहरात सुरू झाली. क्लिकव्ह्यू हे तिचं जुनं सॉफ्टवेअर, आणि 2014 पासून आलेलं क्लिक सेन्स हे नवं. दोन्हींचं काम एकच: कंपनीचा डेटा ओढायचा, जोडायचा आणि तक्त्यांत, आलेखांत दाखवायचा. पण प्रत्येक रिपोर्ट दर वेळी थेट डेटाबेसकडे गेला तर डेटाबेस दमतो आणि बिलं बनवणाऱ्या माणसाची स्क्रीन अडकते. म्हणून रात्री एकदाच डेटा काढून वेगळ्या फाइलीत ठेवतात आणि दिवसभर सगळे रिपोर्ट तिथून वाचतात. ती फाइल म्हणजे क्यूव्हीडी. नावाचा अर्थ साधाच आहे, क्लिकव्ह्यू डेटा. एका क्यूव्हीडीत एकच टेबल असतं. दुसऱ्या कुठल्याही जागेवरून डेटा वाचण्यापेक्षा क्यूव्हीडीतून वाचणं साधारण 10 ते 100 पट वेगवान असतं असं कंपनी सांगते, आणि हा वेग वापरताना जाणवतोही.

वेग मिळाला की फाइली वाढतात. तीन-चार वर्षं क्लिक वापरणाऱ्या कुठल्याही ऑफिसचं शेअर्ड फोल्डर उघडून बघा. सेल्स, सेल्स फायनल, सेल्स फायनल नवीन, सेल्स जुना वापरू नये. यातली कुठली फाइल कुठल्या क्लिक ॲपच्या स्क्रिप्टमधून, म्हणजे डेटा ओढायच्या लेखी सूचनांमधून, बाहेर पडते, ते नावावरून कळायला मार्गच नाही. बनवणाऱ्या ॲपचं नाव एक आणि त्यातून निघणाऱ्या फाइलीचं नाव भलतंच असू शकतं. एका ॲपमधून तीस फाइली निघू शकतात. उलटही होतं, एकाच नावाच्या फाइलीवर दोन वेगवेगळी ॲप्स आळीपाळीने लिहू शकतात. हा दुसरा प्रकार सगळ्यांत घातक. आमचं तेच झालं होतं.

वाशीच्या एपीएमसी फळबाजारात एप्रिल-मेमध्ये गेला असाल तर हा प्रश्न तुम्हाला वेगळ्या रूपात ओळखीचा आहे. पेटीवर देवगड छापलेलं असतं. आतला आंबा देवगडचाच आहे का, हे छपाईवरून ठरत नाही. कोकणच्या हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं; पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतल्या आंब्यालाच ते नाव लावता येतं. तरीही कर्नाटकातला आंबा देवगडच्या पेटीत भरून विकल्याच्या तक्रारी होतच राहतात. जाणकार गिऱ्हाईक म्हणून दोन वेगळे प्रश्न विचारतं: पेटी कुणी भरली, आणि आंबा कुठल्या बागेतला. पहिल्याचं उत्तर आडत्याच्या शिक्क्यावर मिळतं. दुसऱ्यासाठी त्या आडत्याच्याही मागे जावं लागतं.

क्यूव्हीडीलाही हेच दोन प्रश्न विचारायचे असतात. दोन्हींची उत्तरं वेगवेगळ्या ठिकाणी असतात आणि त्यांची गल्लत केली की माणूस चुकीच्या दारावर जाऊन भांडतो.

क्यूव्हीडी फाइलीचे तीन भाग असतात. सगळ्यांत वर एक मथळा, तो एक्सएमएल मजकुरात, म्हणजे माणसाला वाचता येईल असा. त्याखाली प्रत्येक रकान्यातल्या वेगवेगळ्या मूल्यांची यादी. तळोजा हा शब्द लाख ओळींत आला तरी इथे एकदाच. आणि शेवटी प्रत्यक्ष ओळी, पण शब्दांऐवजी त्या यादीतले क्रमांक, तेही अगदी दाबून बसवलेले. म्हणूनच फाइल लहान राहते आणि झपाट्याने वाचली जाते. खालचे दोन भाग डोळ्यांना निरर्थक दिसतात. आपल्याला वरचा मथळाच हवा आहे.

तो बघायला क्लिकसुद्धा लागत नाही. फाइल लहान असेल तर तिची प्रत काढा आणि नोटपॅडमध्ये उघडा. प्रत काढा हे मी मुद्दाम म्हणते आहे. मूळ फाइल नोटपॅडमध्ये उघडून चुकून सेव्ह झाली, तर खालच्या दाबून भरलेल्या भागाची वाट लागते आणि फाइल कायमची बिघडते. फाइल मोठी असेल तर नोटपॅड गारद होतो. अशा वेळी विंडोजच्या पॉवरशेलमध्ये गेट-कंटेंट ही आज्ञा द्यायची आणि टोटल-काउंट लावून पहिल्या पन्नास ओळीच मागायच्या. फाइल कितीही जड असो, क्षणात वरचा मजकूर समोर येतो.

त्यात पहिल्या काही ओळींतच क्रिएटर-डॉक नावाचा रकाना दिसेल. हाच आडत्याचा शिक्का. ज्या क्लिकव्ह्यू फाइलीने ही क्यूव्हीडी लिहिली, तिचा पूर्ण पत्ता त्यात असतो: ड्राइव्ह, फोल्डर आणि शेवटी फाइलीचं नाव. कुणाला विचारायला नको, कुणाच्या आठवणीवर विसंबायला नको.

लगेच खाली क्रिएट-यूटीसी-टाइम, म्हणजे फाइल बनल्याची वेळ. नावातलं यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, नीट वाचा, कारण इथे आम्ही अख्खा दिवस वाया घालवला. आमच्या फाइलीत वेळ होती 8 वाजून 42 मिनिटं. सगळे म्हणाले, सकाळी पावणेनऊला ऑफिसात कोण असतं? मी स्वतः तेव्हा ठाण्याहून ट्रान्स-हार्बरच्या गाडीत असते. म्हणजे सर्व्हरनेच काहीतरी केलं असणार, असं धरून आम्ही सर्व्हरच्या मागे लागलो. ती वेळ भारतीय नव्हतीच. आपलं घड्याळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे चालतं. 8:42 मध्ये साडेपाच तास मिळवले की दुपारचे 2 वाजून 12 मिनिटं होतात. डबे खाऊन सगळे आपापल्या जागी परतलेले असतात ती वेळ. रात्रीच्या फाइलींत तर तारीखसुद्धा बदलते. आमचं रोजचं काम पहाटे 2 वाजता चालतं आणि मथळ्यात ते आदल्या दिवशीचे रात्रीचे साडेआठ दिसतं. त्यावरून फाइल कालचीच राहिली, आजची बनलीच नाही, अशी तक्रार मी अनेकदा ऐकली आहे. फाइल आजचीच असते, तारीख वाचायची पद्धत चुकलेली असते.

मथळ्यात पुढे टेबलाचं नाव आणि प्रत्येक रकान्याची माहिती येते. एकेका रकान्याला पंधरा-वीस ओळी लागतात, त्यामुळे शंभर रकान्यांच्या टेबलाचा मथळा चांगला लांबतो आणि तिथे पन्नास ओळी पुरत नाहीत. त्या माहितीत नो-ऑफ-सिंबल्स नावाचा एक आकडा असतो. त्याकडे फार थोडे लोक बघतात. त्या रकान्यात वेगवेगळी मूल्यं किती आहेत, ते तो सांगतो. आमच्या फाइलीत गोदाम या रकान्यापुढे तो आकडा होता 1. एवढ्या मोठ्या फाइलीत गोदाम फक्त एक! ओळींची एकूण संख्या शेवटी नो-ऑफ-रेकॉर्ड्समध्ये मिळते. आमच्याकडे रोज 4 लाखांच्या आसपास ओळी असायच्या, या फाइलीत 60 हजारही नव्हत्या. फाइल क्लिकमध्ये न उघडता, एकही ओळ न वाचता कळलं की कुणीतरी एकाच गोदामाचा डेटा गाळून घेतला आहे.

कुणी, ते क्रिएटर-डॉकने सांगितलं. पत्ता सर्व्हरच्या ड्राइव्हचा नव्हता. तो सुरू होत होता एका लॅपटॉपच्या डाउनलोड्स फोल्डरमधून. आमच्याच टीममधल्या एका मुलीला तळोज्याच्या एका तक्रारीची तपासणी दिलेली होती. तिने सर्व्हरवरच्या ॲपची प्रत आपल्या मशीनवर घेतली, पटकन चालावं म्हणून फक्त तळोजा अशी गाळणी लावली आणि रीलोड दाबलं, म्हणजे स्क्रिप्ट नव्याने चालवली. स्क्रिप्टच्या शेवटी स्टोअर ही क्यूव्हीडी लिहिणारी आज्ञा होती आणि तिच्यात शेअर्ड फोल्डरचा पूर्ण पत्ता होता. तिच्या लॅपटॉपवरच्या प्रतीने थेट खऱ्या फाइलीवर लिहून टाकलं. तीन वाजता रिपोर्ट रीलोड झाला आणि त्याने समोर आलेली फाइल निमूटपणे उचलली.

तिचं काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. तिला दिलेलं काम तिने नीट केलं होतं. लॅपटॉपवरून खऱ्या फोल्डरमध्ये लिहिता येत होतं, ही चूक आमची, म्हणजे व्यवस्था लावणाऱ्यांची. स्टोअरमध्ये पूर्ण पत्त्याऐवजी ॲपच्या फोल्डरपासून मोजलेला पत्ता असता, तर ती फाइल तिच्याच लॅपटॉपवर पडली असती आणि काकांच्या गाड्या वेळेवर भरल्या असत्या.

क्रिएटर-डॉकवर किती भरवसा ठेवायचा, हेही सांगायला हवं. तो खोटं बोलत नाही, पण तो त्या क्षणाचा फोटो आहे. फाइल बनली तेव्हा ॲप जिथे होतं तिथला पत्ता त्यात कोरला जातो. नंतर ते ॲप हलवलं, नाव बदललं, पुसून टाकलं, तरी पत्ता तोच राहतो. क्यूव्हीडी कॉपी करून दुसरीकडे ठेवली किंवा तिचं नाव बदललं, तरी मथळा जसाच्या तसा जातो. हे मात्र फायद्याचं आहे. विंडोजमधल्या तारखा कॉपी करताना घोळ घालतात, आतला मथळा घालत नाही.

एक अडचण खरीच मोठी आहे. पत्ता डी ड्राइव्हपासून सुरू होत असेल, तर तो कुठल्या मशीनचा डी ड्राइव्ह हे त्यात नसतं. चाचणीचा सर्व्हर आणि खरा सर्व्हर यांची फोल्डरं बहुतेक ठिकाणी हुबेहूब सारखी ठेवलेली असतात. मग दोन्हींकडून बनलेल्या फाइलींचा शिक्का एकच दिसतो. यावर उपाय आधी करून ठेवावा लागतो. क्लिकच्या स्क्रिप्टमध्ये कॉम्प्युटर-नेम आणि ओएस-यूजर ही फंक्शनं आहेत, मशीनचं आणि चालवणाऱ्या खात्याचं नाव देणारी. प्रत्येक स्टोअरच्या जोडीला एक छोटी नोंद लिहायची: फाइल कोणती, मशीन कोणतं, खातं कुणाचं, वेळ काय, ओळी किती. चार ओळींची स्क्रिप्ट आहे आणि एकदा लिहिली की सगळ्या ॲप्समध्ये चालते.

सर्व्हरवरचं क्लिक सेन्स वापरत असाल तर क्रिएटर-डॉकमध्ये पत्ता मिळणार नाही. तिथे 36 अक्षरांचा एक क्रमांक असतो, आकडे आणि इंग्रजी अक्षरं मिसळून, मधे रेघा. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, काही तरी बिघडलंय. तो ॲपचा ओळख क्रमांक आहे. क्यूएमसी, म्हणजे सेन्सचं व्यवस्थापन करायची जागा, तिथे ॲप्सच्या यादीत ओळख क्रमांकाचा रकाना दाखवायचा आणि तो क्रमांक शोधायचा. सापडला की ॲप आणि त्याचा मालक दोन्ही कळतात. ॲप बाहेर काढून परत आत घेतलं असेल तर त्याला नवा क्रमांक मिळतो, म्हणून जुनी क्यूव्हीडी हरवलेल्या क्रमांकाकडे बोट दाखवत राहते. अशा वेळी सर्व्हरवरच्या स्क्रिप्ट लॉगचं, म्हणजे स्क्रिप्ट चालताना आपोआप होणाऱ्या नोंदींचं, फोल्डर कामी येतं. त्या लॉगच्या नावातच ॲपचा क्रमांक असतो.

आता दुसरा प्रश्न, आंबा कुठल्या बागेतला. मथळ्याच्या तळाशी, सगळ्या रकान्यांची माहिती संपल्यावर, लिनिएज नावाचा भाग असतो. लिनिएज म्हणजे वंशावळ. त्यात डेटा कुठल्या जोडणीवरून किंवा कुठल्या फाइलीवरून आला, ते डिस्क्रिमिनेटर या नावाखाली लिहिलेलं असतं आणि डेटाबेसला नेमकं काय विचारलं, ते स्टेटमेंटमध्ये. सर्व्हरचं नाव, टेबलांची नावं, एसक्यूएल या भाषेतली विचारणा, सगळं. म्हणूनच मथळ्याची प्रत बाहेरच्या कुणाला पाठवण्याआधी ती पूर्ण वाचा. आपल्या डेटाबेसचा नकाशाच त्यात असतो.

लिनिएज वाचायला सोपा वाटतो आणि तिथेच माणूस फसतो, कारण तो एकच पायरी मागे जातो. ज्यांनी गावाकडच्या जमिनीचे कागद काढले असतील त्यांना हे लगेच कळेल. सातबारा आज नाव कुणाचं आहे ते सांगतो. ते नाव कसं लागलं, वारसाने की खरेदीने, हे बघायला फेरफार काढावा लागतो. तो फेरफार आधीच्या मालकाकडे नेतो, आणि त्या मालकाचं नाव कसं लागलं त्यासाठी आणखी जुना फेरफार. तलाठी कार्यालयात एका कागदावर तीन पिढ्या मिळत नाहीत, एकेक कागद मागे जावं लागतं. क्यूव्हीडीचंही तसंच. मोठ्या ऑफिसांत फाइली थरांनी बनतात: पहिल्या थरात डेटाबेसमधून जसाच्या तसा काढलेला माल, दुसऱ्यात तो निवडून, जोडून, हिशेब लावून ठेवलेला, तिसऱ्यात एका विभागासाठी आटोपशीर केलेला. तिसऱ्या थरातल्या फाइलीचा लिनिएज दुसऱ्या थरातल्या क्यूव्हीडीचा पत्ता देईल. मग ती उघडायची, तिचा क्रिएटर-डॉक आणि लिनिएज वाचायचा, आणि आणखी मागे जायचं. डेटाबेसचं नाव येईपर्यंत थांबायचं नाही.

मधे एखादी कडी तुटते. स्क्रिप्टमध्ये टेबल आधी मेमरीत चढवून, त्याच मेमरीतल्या टेबलावरून दुसरं टेबल बनवलं आणि ते स्टोअर केलं, तर लिनिएजमधून बागेपर्यंत जाता येईलच असं नाही. तिथून पुढे मूळ स्क्रिप्टच वाचायला हवी. क्रिएटर-डॉकने ॲपचं नाव दिलेलं असतं, त्यामुळे कुठली स्क्रिप्ट वाचायची हा प्रश्न उरत नाही. माझ्या मते क्रिएटर-डॉकचा खरा उपयोग हाच. तो उत्तर देत नाही, योग्य दरवाजा दाखवतो.

उलट्या दिशेनेही शोधता येतं: सगळ्या स्क्रिप्टमध्ये फाइलीचं नाव शोधायचं आणि कुठे स्टोअर लिहिलंय ते बघायचं. बहुतेक लोक इथूनच सुरुवात करतात आणि वैतागतात. पहिलं कारण, क्लिकव्ह्यूची ॲप फाइल साधा मजकूर नसते, त्यामुळे बाहेरून तिच्यात शब्द शोधता येत नाही. यावर एक जुनी युक्ती आहे. ॲपच्या शेजारी, ॲपच्याच नावाचं आणि शेवटी रेघ देऊन पीआरजे (-prj) जोडलेलं रिकामं फोल्डर बनवून ठेवा. पुढच्या वेळी ॲप सेव्ह केलं की क्लिकव्ह्यू त्यात स्क्रिप्टची साधी मजकुराची प्रत आपोआप टाकतं आणि मग विंडोजचा शोधही चालतो. दुसरं कारण अधिक त्रासदायक आहे. अनुभवी लोक फाइलीचं नाव स्क्रिप्टमध्ये थेट लिहीतच नाहीत. फोल्डरचा पत्ता एका व्हेरिएबलमध्ये, म्हणजे नाव दिलेल्या डब्यात, महिना दुसऱ्यात, टेबलाचं नाव तिसऱ्यात. चालताना ते जुळून नाव तयार होतं. फाइलीचं नाव समजा डिस्पॅच एप्रिल असलं, तरी हे शब्द एकत्र कुठेच सापडत नाहीत, कारण ते एकत्र कुठे लिहिलेलेच नसतात. म्हणून स्क्रिप्टपेक्षा लॉगमध्ये शोधा. ॲपच्या सेटिंगमध्ये लॉग फाइल बनवण्याचा पर्याय चालू केलेला असेल, तर दर रीलोडला लॉग लिहिला जातो आणि त्यात व्हेरिएबलच्या जागी खरं नाव आलेलं असतं. हा पर्याय चालू ठेवायला काही खर्च येत नाही. मी तो प्रत्येक ॲपमध्ये चालू करते.

हे सगळं एका फाइलीसाठी झालं. फोल्डरात पाचशे असतील तर? क्लिक स्वतःच हा मथळा वाचू शकतं. फाइल जोडताना तिचा प्रकार क्यूव्हीडी न ठेवता एक्सएमएल निवडायचा. मग आतला डेटा न येता मथळाच टेबल म्हणून समोर येतो: एक मुख्य माहितीचं, एक रकान्यांचं आणि एक लिनिएजचं. फोल्डरातल्या सगळ्या फाइलींवर स्क्रिप्ट फिरवली की एक वही तयार होते. कुठली क्यूव्हीडी, कुणी बनवली, कधी, किती ओळी, कशावरून. आमच्याकडे ही वही आता रोज पहाटे बनते. एकाच फाइलीचा क्रिएटर-डॉक कालच्यापेक्षा आज वेगळा दिसला, की सकाळी पहिलं काम तेच.

सीएसव्हीवर, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या फाइलींवर, अवलंबून असलेल्यांना ही सोय नाही. सीएसव्हीला असा मथळाच नसतो, कुणी बनवली हे ती कुठेच सांगत नाही. पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या रिपोर्टच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑनलाइन सेवेत वंशावळीचं चित्र बघता येतं.

एवढा खटाटोप कशासाठी, असं कुणी विचारलं तर मी दोन कारणं सांगते. जगातल्या मोठ्या बँकांकडून हे अपेक्षितच आहे. 2008 च्या आर्थिक संकटात आपली जोखीम नेमकी किती हे अनेक मोठ्या बँकांना वेळेवर सांगताच आलं नाही, म्हणून बासेल समितीने, म्हणजे बँकांसाठी आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या समितीने, जानेवारी 2013 मध्ये जोखमीच्या आकडेवारीसाठी 14 तत्त्वं घालून दिली. दुसरं कारण आपल्या सगळ्यांच्या जवळचं. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माणसाला आपली माहिती पुसून टाकायला सांगण्याच्या हक्काची तरतूद आहे. एखाद्या ग्राहकाने माझा मोबाइल नंबर काढून टाका असं सांगितलं, तर मूळ डेटाबेसमधून काढून भागत नाही. तो नंबर कुठल्या कुठल्या क्यूव्हीडीत उतरला आहे, हे माहीत असावं लागतं. मथळ्यांची वही असेल तर मोबाइल नावाचा रकाना कुठे कुठे आहे ते एका नजरेत दिसतं. नसेल तर आपण दिलेला शब्द पाळला की नाही, हे आपल्यालाच सांगता येत नाही.

पहिल्यांदा ती वही बनवली, तेव्हा फोल्डरातल्या बऱ्याच फाइलींचे मालक सापडले. काहींचे ॲप्स केव्हाच पुसलेले होते, त्या फाइली कुणी ताज्या करत नव्हतं आणि कुणी वाचतही नव्हतं. फोल्डरात लिहिण्याचा अधिकार आम्ही फक्त सर्व्हरच्या खात्याला ठेवला आणि प्रत्येक डेव्हलपरला त्याचं स्वतःचं वेगळं फोल्डर दिलं. शेवटी एक फाइल उरली. तिचा क्रिएटर-डॉक अशा सर्व्हरकडे बोट दाखवत होता जो दोन वर्षांपूर्वीच बंद झाला होता. कुठल्याही रिपोर्टच्या लिनिएजमध्ये तिचं नाव नव्हतं. पुसून टाकू, असा सगळ्यांचा सूर होता. मला ते पटेना. आम्ही तिचं फक्त नाव बदललं आणि थांबलो.

सव्विसाव्या दिवशी, महिनाअखेरीला, न्हावा-शेवाच्या ऑफिसातून फोन आला. कंटेनरच्या हिशेबाची एक्सेल शीट बनत नाही म्हणाले. ती शीट महिन्यातून एकदाच बनत होती, त्या फाइलीवरून, एका माणसाच्या लॅपटॉपवर. त्यात दोन वर्षांपूर्वीचे दर होते आणि त्याच दरांनी दोन वर्षं बिलं तपासली जात होती.